आमच्या वार्ताहराकडून

रुपचंद महाजनाला धरणगावात सगळे पत्रकार म्हणत, आणि तो म्हणू देत असे. खरं तर तो जळगावच्या एका दैनिकाचा वार्ताहर होता. पत्रकार आणि वार्ताहर यांच्यात केवढं अंतर असतं हे गावाला ठाऊक नव्हतं. रुपचंदला मात्र नेमकं ठाऊक होतं, कारण तो ते रोज फूटपट्टीने मोजायचा. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने पेपरचा गठ्ठा उतरला की आधी आपली बातमी शोधायची, तिची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, कापून वहीत चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने आकडा टाकायचा. फार पूर्वी सेंटिमीटरवर पैसे मिळत, तेव्हाची ही सवय. पुढे पैसे महिन्याचे ठरले, तरी फूटपट्टी काही सुटली नाही.

सोळा वर्षांत अकरा वह्या भरल्या. कापूस खरेदी केंद्रावरच्या रांगा, नगरपालिकेची भांडणं, विहिरीत पडलेली म्हैस आणि तिला काढणारे चौघे, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं त्या वह्यांत होतं. म्हैस काढणाऱ्या चौघांची नावंसुद्धा होती. नव्हतं ते रुपचंदचं. प्रत्येक बातमीच्या डोक्यावर तेच दोन शब्दांचं टोपडं असे, 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. आता हा वार्ताहर म्हणजे कोण, काळा की गोरा, हे वाचणाऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं.

पगाराचं प्रकरण तर त्याहून अवघड होतं. लग्न जमलं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. मुलगा पेपरात आहे. पगार किती? साडेतीनशे, असं रुपचंदने स्वतःच ठोकून दिलं. मिळत होते महिन्याला वीस-पंचवीस. एकदा सांगितलेला पगार परत घेता येत नाही, तो वाढवतच न्यावा लागतो. त्यातून बायकोची थोरली बहीण आधीच दिलेली होती ती वरणगावच्या आयुध कारखान्यातल्या फिटरला. हा साडू, जीवराम माळी, बिचारा सरळ माणूस, आपल्या पगाराचा कागद दाखवावा तसा पगार सांगायचा. जीवरामला आठशे झाले की रुपचंदला हजार व्हायचे. जीवरामला महागाई भत्ता लागला की रुपचंदलाही लागायचा. एक्क्याण्णव साली जीवराम बावीसशेवर पोचला, तेव्हा रुपचंद अडीच हजारांवर बसला होता. प्रत्यक्षात ऑफिसकडून दीडशे रुपये मानधन यायचं आणि जाहिरात आणली तर तिच्यावर शेकडा पंधरा. गावात पेपर विकायची एजन्सीही त्याच्याकडेच होती, पण एकशे दहा अंकांवर सुटायचं ते चहापाण्यापुरतं. घर चालायचं ते मागच्या पडवीतल्या पिठाच्या गिरणीवर, आणि ती चालवायची त्याची बायको झुंबरबाई. पापण्यांपर्यंत पिठाने पांढरी झालेली ही बाई सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा नवऱ्याच्या पगाराविषयी कधी एक अक्षर बोलली नाही. गिरणी कशाला चालवतेस, असं बहिणीने विचारलं तर म्हणायची, बसून अंग दुखतं.

अशा माणसाला जीवरामच्या मुलीने दुखवलं, आणि तेही नकळत.

प्रमिला तिचं नाव. भुसावळच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, बोलायला मऊ आणि नजरेने तीक्ष्ण. तिने कारखान्याच्या भोंग्यावर एक लेख लिहिला. भोंगा वाजतो पुरुषांसाठी, पण पळापळ होते ती वसाहतीतल्या बायकांची, कुठल्या भोंग्याला कणीक, कुठल्याला डबा, कुठल्याला पाणी, असा. लेख तिने रुपचंदच्याच दैनिकाला पाठवला, आणि त्यांनी तो रविवारच्या पुरवणीत छापला. वर नाव, जाड टायपात. नावाशेजारी फोटो. रुपचंदने सवयीने फूटपट्टी लावली. दोन कॉलम, अठ्ठावीस सेंटिमीटर. एवढी जागा त्याला एकदाच मिळाली होती, पूर आला तेव्हा, आणि तीही पुराला मिळाली होती.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. लेख वाईट असता तर त्याने माफ केलं असतं. पण तो चांगला होता, आणि हे त्याच्याइतकं चांगलं धरणगावात कुणालाच कळणार नव्हतं. कुठे शब्द सोडायचा, कुठे थांबायचं, हे त्या पोरीला सोळा वर्षं न घासता येत होतं. रुपचंद जळला. उगाच गोल बोलण्यात अर्थ नाही, जळलाच. संध्याकाळी पेपरचे पैसे घ्यायला गेला तेव्हा दोघांनी सांगितलं की तुमच्या भाचीचा लेख झकास आहे. त्याने मान हलवली आणि एकाला सुटे पैसे कमी दिले.

मग कळलं की पोरीला पुण्यात पत्रकारितेच्या पदवीला प्रवेश मिळतोय. वृत्तपत्रविद्या आणि जनसंपर्क, दोन वर्षं. हे ऐकून रुपचंदला धुळं आठवलं. सात वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका पेपरला उपसंपादक हवा होता. तो सगळ्या वह्या पिशवीत घालून गेला होता. समोरच्या साहेबाने एकही वही उघडली नाही. पदवी कुठली, एवढंच विचारलं. मॅट्रिक म्हटल्यावर साहेबाने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, यात काय आहे? रुपचंद म्हणाला, काही नाही, प्रवासाचं सामान. ती पिशवी मांडीवर घेऊन तो परतीच्या गाडीत बसला. ही गोष्ट त्याने झुंबरबाईलाही सांगितली नव्हती.

जुलैतल्या एका रविवारी जीवराम प्रमिलाला घेऊन धरणगावला आला. बरोबर कारखान्याची डायरी आणि कानावर पेन्सिल. हा माणूस भाजीसुद्धा मापात आणणारा. चहा झाल्यावर त्याने डायरी उघडली आणि मांडणी सांगितली. फी, वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, जाणं-येणं धरून दोन वर्षांना चोवीस हजार. कारखान्याची पतपेढी कर्ज देत होती, दोन जामीनही तयार होते. पाच वर्षं दरमहा पाचशेवर रुपये पगारातून कापले जाणार. ते पोरीने नोकरी लागल्यावर घरी पाठवले तर गाडं चालेल, नाही तर धाकट्या दोघांच्या शाळेला कात्री लागेल. तेव्हा सवाल एकच होता, की या शिक्षणावर पोरीला मिळणार किती.

आणि हे त्याने कुणाला विचारावं? सगळ्या नात्यागोत्यात पेपरातला माणूस एकच. जीवरामने पानाच्या वर आधीच लिहून आणलं होतं: रुपचंदभाऊ, पदवी नाही, लहान गाव, २५००. त्याखाली रेघ. मग त्याचा तर्क असा की पदवी असली आणि शहर असलं तर चार हजार धरायला हरकत नाही. चार हजारांतून पाचशे गेले तर काय बिघडलं? पण एक भीती त्याच्या मनात होती, ती त्याने डायरीत लिहिली नव्हती. त्याच्या चुलतभावाचा मुलगा असाच कर्जावर डिप्लोमाला गेला आणि वर्षाने कंटाळून परत आला. शिक्षण अर्धवट सुटलं, कर्ज कुठलं सुटतंय. पैसा उशिरा फिटला तर चालेल, पण पोरीने कामच सोडलं तर काय, असं तो दोनदा म्हणाला.

रुपचंद ऐकत होता. आपण हवेत फेकलेला आकडा कुणीतरी एवढ्या निगुतीने उचलून, त्याखाली रेघ मारून, त्यावर कर्ज उभं करील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. अडीच हजार खरे म्हटले तर पोरगी पुण्याला जाणार, पदवी घेणार, आणि धुळ्याच्या त्या खुर्चीत एक दिवस जाऊन बसणार. खोटे म्हटले तर पोरगी राहील, पण सोळा वर्षांची अब्रू साडूच्या डायरीत खोडली जाईल. मग त्याने तिसरीच वाट काढली. पैसा आहे, तो म्हणाला, पण हे काम मुलींचं नाही. रात्रपाळ्या असतात, पोलीस स्टेशनात बसावं लागतं, मारामाऱ्यांत घुसावं लागतं. बोलताना त्याचा आवाज इतका काळजीचा झाला की त्यालाच आपलं कौतुक वाटलं. जीवरामने पेन्सिल खाली ठेवली. मुलीच्या बापाला एवढं पुरतं. पण तो डायरी मिटेना. पुन्हा पुन्हा त्या अडीच हजारांकडे बघत राहिला.

तीनच्या गाडीने बातम्यांचं पाकीट जायचं, म्हणून रुपचंद उठून मागच्या पडवीत आला. गिरणी बंद होती. तो पाकिटाला दोरा गुंडाळत असताना प्रमिला मागे येऊन उभी राहिली. इकडचं तिकडचं न बोलता ती म्हणाली, "काका, मी जळगावच्या ऑफिसात जाऊन विचारून आले. गावोगावच्या वार्ताहराला दीडशे मिळतात. पदवी असलेल्या शिकाऊ माणसाला नऊशे. बाबांना मी हे सांगितलेलं नाही."

रुपचंदने दोऱ्याची गाठ घट्ट ओढली.

"तुम्ही अडीच हजारांवरच ठाम राहा," ती म्हणाली. "आणि ते मुलींचं वगैरे पुन्हा बोलू नका. नऊशे कळले तर बाबा सही करणार नाहीत. मी शिकवण्या घेईन, काहीही करीन, हप्ते चुकवणार नाही. तुमचं गुपित मी कुणाला सांगणार नाही."

तिने हे धमकी देण्यासाठी म्हटलं नव्हतं. विनवण्यासाठीच म्हटलं होतं. पण रुपचंदच्या कानाला एकच ऐकू आलं, की ही कालची पोर माझी अब्रू स्वतःच्या पदराखाली झाकून उभी आहे. तिने तोंडावर लबाड म्हटलं असतं तर त्याने सोसलं असतं. ही दया मात्र त्याला सोसवेना. नाव हिचं, फोटो हिचा, पदवी हिची, आणि आता त्याचं खोटंही हिच्याच उपयोगाला यायचं! त्याच्या घामाचा नसला तरी तो पगार त्याचा होता, सोळा वर्षं जपलेला. तो शिडीसारखा लावून ही वर जाणार होती.

तो आत आला, जीवरामच्या समोर बसला. एरवी साडूशी तो पेपरची भाषा बोलायचा, जरा ओठ आवळून. त्या दिवशी मात्र घरची बोली तोंडात आली.

"जीवराम, त्या अडीच हजार खोडी टाक. मले दीडशे रुपया भेटतस. अडीच हजार मी कधी देखा नई."

जीवरामने डायरी जवळ ओढली. स्वयंपाकघराच्या दारात झुंबरबाई परातीसकट थांबली. रुपचंद थांबला नाही. पदवीवाल्यालाही पहिल्यांदा नऊशेच, त्यात पुण्यात खोली आणि खाणं भागवायचं, हप्ता पाठवायला उरतं काय? अडीच हजार तर आपल्या मुख्य उपसंपादकालाही असतील की नाही शंका आहे. गिरणीवर घर चालतं, हेही सांगितलं. धुळ्याची गोष्ट सांगितली, पिशवीसकट. सांगताना तो डोळ्याच्या कोपऱ्यातून प्रमिलाकडे बघत होता. तिचा चेहरा पांढरा पडत गेला, आणि खरं सांगायचं तर रुपचंदला ते गोड लागलं. स्वतःचं नाक कापून घेताना माणसाला इतकं गोड लागू शकतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. जीवरामने पेन्सिल उचलली आणि २५०० वर काट मारली. चार हजारांवर मारली. खाली ९०० लिहिलं, त्यातून वजाबाकी केली आणि उरलेल्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. उरलं तसं काहीच नव्हतं.

मग त्याने मान वर करून एवढंच विचारलं, "मंग सोडं काबर नई?"

याचं उत्तर रुपचंदने तयार ठेवलं नव्हतं. बाकी सगळं त्याच्या मत्सराने कसं व्यवस्थित जुळवून आणलं होतं, पण सोडलं का नाही हे कुणी विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने फळीवरच्या अकरा वह्यांकडे पाहिलं. सोडायला जमलंच नव्हतं, आणि तोंडातून तेच उत्तर गेलं.

"सोडता उनं नई."

 जीवरामने पेन्सिल कानावर ठेवली, डायरी मिटली.

"आमना कारखानामा पगार दोन दिन लेट व्हयना ते बठ्ठा कामगार गेटवर बसतस," तो म्हणाला. "आन् हाऊ माणूस सोळा वरीस दीडशेवर राबना, तरी सोडं नई. हिसाब जमत नई, भाऊ. पन हाई काम कोनले सुटत नई, पोर सोडी दी, ही मनी भीती गयी. मी सही करस."

स्कूटरसाठी पैसे भरून लावलेला नंबर आपण रद्द करू, धाकट्यांचं त्यातून भागेल, असं तो पुढे प्रमिलाला समजावत होता. रुपचंदला नीट ऐकू येत नव्हतं. निघताना जीवरामने त्याचे दोन्ही हात धरले. दुसरा कुणी असता तर फुशारकी मारून मोकळा झाला असता, तुम्ही माझ्या पोरीसाठी स्वतःचा कमीपणा घेतलात, असं म्हणताना त्या फिटरचे डोळे भरले. प्रमिला वाकून पाया पडली. तिलाही आता तेच वाटत होतं. आपण खोटं बोलायला सांगितलं आणि काकांनी आपल्यासाठी खरं बोलून दाखवलं, बाबांना आपल्यापेक्षा काकांनी जास्त ओळखलं, असं ती म्हणाली.  रुपचंदने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पाहुणे गेल्यावर झुंबरबाई गिरणीपाशी गेली, पट्टा चढवला, पण बटण दाबलं नाही. पाठमोरीच म्हणाली, "सोळा वरीस मी तुमनं खोटं सांभाळं. आज तुम्ही खरं सांगं, पन तेबी त्या पोरना पाय ओढाले." मग बटण दाबलं. गिरणीच्या आवाजात पुढे काही बोलायची सोय राहिली नाही.

पंधरा दिवसांनी प्रमिला पुण्याला निघायच्या आधी मावशीला भेटायला आली. जीवरामने तिच्याबरोबर निरोप दिला होता की पोरीच्या प्रवेशाची बातमी भाऊंनीच लिहावी, वरणगावच्या वार्ताहराकडे आपण जाणार नाही. नाही म्हणायला रुपचंदकडे तोंड नव्हतं. त्याने बातमी लिहिली. चार वाक्यं, एकाही वाक्यात चूक काढता येणार नाही अशी. वरणगाव येथील श्री. जीवराम माळी यांची कन्या, अमुक पदवीसाठी तमुक ठिकाणी निवड, सर्वत्र अभिनंदन. एक गोष्ट मात्र त्याने जाणूनबुजून गाळली. धरणगावच्या पाकिटातून वरणगावची बातमी आली की डेस्कवरचा माणूस विचारतो, याचा धरणगावशी संबंध काय? संबंध दिसला नाही तर कागद टोपलीत. सोळा वर्षांत रुपचंदला दुसरं काही मिळालं नसेल, पण कुठली बातमी कशाने मरते हे त्याला पक्कं कळत होतं.

पाकीट त्याने प्रमिलाच्याच हातात दिलं. ती जळगावलाच उतरणार होती, ऑफिसचा माणूस स्टँडवर पाकीट घ्यायला असतोच. दोरा गुंडाळलेलं पाकीट घेऊन ती खिडकीपाशी बसली. गाडी हलली तेव्हा तिने हात केला. रुपचंदनेही केला, आणि बऱ्याच दिवसांनी तो घरी येऊन पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा सोडून त्याने तिसरं पान उघडलं. बातमी होती. फोटोसकट, चौकटीत. वर धरणगाव, तारीख, 'आमच्या वार्ताहराकडून'. त्याची चारही वाक्यं जशीच्या तशी होती, पण सगळ्यात वर पाचवं वाक्य बसलं होतं, जे त्याने लिहिलं नव्हतं. ते कुणी लिहिलं हे कळायला त्याला अक्षर बघायची गरज नव्हती. जळगावपर्यंतच्या रस्त्यात दोरा सोडून तिने बातमी वाचली होती, ती कशाने मरणार हे तिला दिसलं होतं, आणि जिथे हवा होता नेमका तिथे तिने संबंध जोडला होता. वाक्याची सुरुवातच होती, धरणगावचे आमचे ज्येष्ठ वार्ताहर रुपचंद महाजन यांची भाची...

दिवसभर गावाने त्याला थांबवून थांबवून सांगितलं. तुमचं नाव आलं. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. नगरपालिकेतल्या हिलाल शिपायाने तर पान उलगडून ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. रुपचंद सगळ्यांना हो म्हणत गेला. एकशे दहाही अंक संपले.

दुपारी त्याने दार लोटून घेतलं, बारावी वही काढली, फूटपट्टी लावली. नऊ सेंटिमीटर. मग कात्री घेतली. सोळा वर्षांत पहिल्यांदा छापून आलेलं नाव होतं, ते वहीत लावायला तर हवं होतं, पण तेवढंच लावायचं होतं, बाकीचं नको होतं. त्याने फोटो कापून बाजूला केला. त्याची स्वतःची चार वाक्यं कापली. उरलेली पट्टी बोटावर धरून तो उजेडाकडे गेला आणि कात्रीचं टोक कुठून घालावं ते बघू लागला.

'रुपचंद महाजन यांची भाची प्रमिला.' दोन्ही नावं एकाच ओळीत होती.